१६७चा गठ्ठा

द्विशिक्षकी शाळेत एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. तिसरीचं गणित कुठं अडतंय हे ज्याच्याशी बोलावं, तो माणूस त्या शाळेत नसतोच. तो असतो खिंडीपलीकडच्या शाळेत. कोठारी शिक्षण आयोगाने १९६६च्या अहवालात आसपासच्या शाळांचे समूह करा म्हटलं, त्यामागे शिक्षकांचा हा एकटेपणाही होता. आपल्याकडे १९९४मध्ये अशा समूहांना, म्हणजे केंद्रांना, केंद्रप्रमुख आले. मी त्यातलीच एक, भोर तालुक्यातल्या डोंगराळ केंद्राची.

केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची दर महिन्याची बैठक, कशी होते, हे शिक्षकांना सांगायला नको. स्वागतगीत, परिपत्रकांचं वाचन, कुणाची ऑनलाइन माहिती भरायची राहिली त्याची उजळणी, मग एखाद्या उपक्रमाचं सादरीकरण. उपक्रम कायम यशस्वीच असतो. टाळ्या, ग्रुप फोटो, जेवण.

एका महिन्यात मी वेगळाच निरोप धाडला. तिसरी-चौथीच्या मुलांना ३०२ − १४५ एवढं एकच उदाहरण द्या, खोडरबर देऊ नका, कागद जसेच्या तसे आणा. दोघा-तिघांचे फोन आले, "मॅडम, तपासणी आहे का?" नाही म्हटलं, तरी विश्वास बसला नसावा.

परिषदेत सगळे कागद सतरंजीवर ओतले आणि शाळेऐवजी उत्तरांप्रमाणे लावायला सांगितले. बरोबर उत्तराचा, १५७चा गठ्ठा झालाच. पण डोळे गेले ते बाकीच्यांकडे. २४३वाल्यांनी प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केला होता, वर-खाली काही बघितलं नव्हतं. ६७वाले शून्याला ओलांडून थेट शतकाकडे गेले होते, तेही दोनदा. आणि १६७वाल्यांनी शून्याचे दहा केले, एककाला एक दशक दिला, पण दहाचे नऊ करायचे राहिले.

"ही चुकलेली नाहीत, ही तर नियमाने वागलीत," एक तरुण शिक्षणसेवक म्हणाला. मला त्या दिवसातलं हे वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं. आळशी, लक्ष नाही, घरी अभ्यास घेत नाहीत, ही आमची नेहमीची तीन कारणं त्यानंतर कुणी काढली नाहीत.

१६७चा गठ्ठा उलटून पाहिला तर बरेचसे कागद एकाच शाळेचे निघाले. ते गुरुजी निवृत्तीला आलेले, अख्ख्या तालुक्यात गणितासाठी नावाजलेले. खोली गप्प झाली. गुरुजींनी चष्मा लावला, कागद चाळले आणि त्या तरुण शिक्षणसेवकाला म्हणाले, "सर, तुम्ही घ्या पाठ. आत्ता. मी बघतो."

जिथे परिषद होती, त्याच शाळेच्या चौथीवर पाठ झाला. शिक्षकावर शेरा मारायचा नाही, प्रत्येकाने एकाच मुलाकडे बघायचं, एवढंच ठरवून घेतलं. सरांनी खेळातल्या नोटा वाटल्या. शंभराची मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून दहा नाणी. गुरुजी ज्या मुलीजवळ बसले होते तिने झटक्यात १५७ रुपये मोजून दाखवले. मग सरांनी तेच उदाहरण वहीत सोडवायला सांगितलं. तिने लिहिलं, १६७.

जेवण गार झालं. गुरुजी सांगत होते, "पोरीने नोट दोनदा मोडली. वहीत मात्र शून्यावर दहा, दोनावर बारा एकदमच लिहिले. मधली पायरी लिहायला मीही कधी सांगितलं नाही, फळ्यावर मीसुद्धा एकदमच लिहितो." एक मॅडम म्हणाल्या, दोन्ही मोडी वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्याव्यात: आधी २, १०, २ आणि खाली २, ९, १२. दुसऱ्या मॅडमना ते पटेना, पुढे चार आकडी संख्या आल्या की मुलं त्या ओळींतच हरवतील. वाद चांगला रंगला. मिटला नाही.

शेवटी असं ठरलं की, निम्म्या शाळांनी ओळी लिहून घ्यायच्या, निम्म्यांनी नुसत्या नोटांवर भर द्यायचा आणि पुढच्या परिषदेला ५०० − २६८चे कागद आणायचे. गुरुजींनी ओळींचा गट घेतला. वाचायची राहिलेली परिपत्रकं मी रात्री व्हॉट्सॲपवर टाकून दिली.