‘मेल स्लो आहे’ या तक्रारीपासून पुढे : आमची वाटचाल

भोसरी आणि चिंचवडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांचे मेल सर्व्हर सांभाळणं हा आमच्या छोट्या फर्मचा धंदा. सुरुवात एक्स्चेंज २००३ च्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरच्या २००३ च्या आवृत्तीच्या, जमान्यातली. तेव्हा काम सरळ होतं: फोन आला की पळायचं. बरेचसे फोन सकाळी सकाळीच यायचे, त्यालाही कारण होतं. स्टँडर्ड एडिशनच्या डेटाबेसला आधी १६ जीबीची मर्यादा होती. सर्व्हिस पॅक २ या अपडेटनंतर ती ७५ जीबीपर्यंत नेता येऊ लागली, पण मूळ सेटिंग १८ वरच असायचं. साइजची तपासणी रोज पहाटे ५ वाजता व्हायची. एका पहाटे इशारा नोंदवला जायचा, दुसऱ्या पहाटे स्टोअर डिसमाउंट, म्हणजे मेलचा डेटाबेसच बंद. पहिल्या शिफ्टचा माणूस मेल उघडायला बसला की आमचा फोन वाजायचा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, एक आकडा वाढवला की सर्व्हर उभा आणि आमचं बिल तयार. धंदा म्हणून काही वाईट नव्हता.

खरी कटकट होती दुसऱ्या फोनची: ‘मेल स्लो आहे’. कालच्यापेक्षा किती स्लो, हे सांगायला कालचा आकडाच कुणाकडे नसायचा. मग डिस्क बदला, रॅम वाढवा, अँटिव्हायरस काढा, असे नवस सुरू व्हायचे. त्यात मालक आणि डायरेक्टर मंडळींच्या हातात मेल दाखवणारे ब्लॅकबेरी फोन आले. ब्लॅकबेरीचा सर्व्हर प्रत्येक मेलबॉक्सवर सतत लक्ष ठेवायचा, त्यामुळे त्या माणसाचा डिस्कवरचा भार साध्या आउटलुकवाल्याच्या कैक पट व्हायचा. पाच-सात फोन वाढले एवढंच ऑफिसला दिसे, डिस्कला मात्र नवा विभाग भरती झाल्यासारखं वाटे.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक सर्व्हरची बेसलाइन घ्यायला लागलो, म्हणजे सगळं सुरळीत असतानाचे आकडे टिपून ठेवायला. ते विकणं महाकठीण. ‘काही बिघडलेलंच नाही, तर पैसे कशाचे?’ हा प्रश्न बिनतोड असतो. एका फोर्जिंग कंपनीत आम्ही अकाउंट्सच्या साहेबांना बराच वेळ समजावत होतो. शेजारी बसलेले मेंटेनन्सचे प्रमुख मध्येच म्हणाले, “म्हणजे नवीन बेअरिंग बसवल्यावर आम्ही व्हायब्रेशन रीडिंग घेऊन ठेवतो, तसंच ना? मग एवढं लांबण कशाला लावलंय?” तिथे काम मिळालं. पुढे आम्ही आयटीवाल्यांआधी मेंटेनन्सवाल्यांना भेटायला लागलो.

रेकॉर्डिंग पर्फमॉन या विंडोजमधल्याच मोजणीच्या टूलने होतं, वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागत नाही. दर १५ सेकंदांना नोंद. डेटाबेस रीडला लागणारा वेळ, लॉग रायटिंगला (प्रत्येक बदलाची आधी होणारी नोंद) लागणारा वेळ, आरपीसीची (आउटलुकच्या सर्व्हरकडच्या विनंत्या) सरासरी लेटन्सी म्हणजे उत्तराला लागणारा वेळ आणि रांगेतल्या विनंत्या, डेटाबेस कॅशेचा (मेमरीत ठेवलेला भाग) आकार, एवढ्यावर बहुतेक निदान होतं. असे शंभर काउंटर, म्हणजे मोजायचे आकडे, लावणारे भेटतात, ती फाइल नंतर कुणी उघडत नाही. दिवसाची सरासरी आम्ही काढतच नाही. रात्रीच्या रिकाम्या तासांनी ती गोड दिसते आणि सकाळी दहाचा घाम त्यात लपतो. तासवार आकडे काढायचे, आणि त्या तासातल्या ९५ टक्के नोंदी ज्या आकड्याच्या आत आल्या तो लिहायचा. बॅकअपचे तास वेगळ्या रकान्यात. २००३ आणि २००७ मध्ये याला फार महत्त्व होतं, कारण ऑनलाइन डीफ्रॅग (चालू डेटाबेसची आवराआवर) रात्री १ ते ५ मध्ये चालायचं आणि बॅकअप सुरू झाला की थांबायचं. इव्हेंट लॉगमध्ये ७०४ (मध्येच थांबलं) दिसतोय पण ७०१ किंवा ७०३ (पूर्ण झालं) कित्येक दिवसांत नाही, म्हणजे डीफ्रॅग पुरं होतच नाहीये.

बाहेरची पुस्तकं सांगतात, सोमवार सकाळ मोजा. आमच्याकडे एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची, त्यामुळे खरी गर्दी शुक्रवारी सकाळी. पगाराच्या स्लिपा ७ तारखेच्या आसपास. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई, प्रत्येक इनव्हॉइसला पीडीएफ. आणि दिवाळीच्या आधी शुभेच्छांची पाच-पाच एमबीची चित्रं सगळ्या स्टाफला! महिनाअखेर न गाठलेली बेसलाइन आम्ही बेसलाइन म्हणत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनात रीडसाठी २० मिलिसेकंद आणि लॉग रायटिंगसाठी १० मिलिसेकंद अशा सीमा होत्या. उपयोगी आहेत, पण सीमेच्या आत सगळं आलबेल असतं असं नाही. एका सर्व्हरवर लॉग रायटिंग नेहमी १-२ मिलिसेकंदांत उरकायचं. एका आठवड्यात ते ७-८ वर गेलं. अलार्म नाही, कुणाची तक्रारही नाही. रेड कंट्रोलरची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डची, बॅटरी मेली होती. बॅटरी गेली की कंट्रोलर राइट कॅशे (लिहायचा डेटा आधी मेमरीत घेणं) बंद करून थेट डिस्कवर लिहायला लागतो. ती बदलली आणि आकडा जागेवर आला. महिनाअखेरीला हीच गोष्ट ‘मेल स्लो आहे’ म्हणून आली असती, आणि कुणीतरी नव्या सर्व्हरचं कोटेशन दिलं असतं.

व्हर्जन बदललं की जुने आकडे बाद, हेही ग्राहकाला पटवावं लागतं. २००३ ला डेटाबेसचं पान, म्हणजे एका वेळी वाचायचा-लिहायचा तुकडा, ४ केबीचं होतं, २००७ ला ८, २०१० ला थेट ३२. डिस्कवरचं काम प्रत्येक वेळी ७० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचा कंपनीचा दावा होता. त्यामुळे जुन्या कागदाशी ताडून ‘नवीन सर्व्हर झकास’ म्हणण्यात अर्थ नाही. त्याची स्वतःची बेसलाइन घ्यायची आणि रॅकच्या दाराला आतून चिकटवायची. तिथेच बदलांची वही: कोणती डिस्क, कोणता पॅच, किती नवे फोन. माझ्या मते बेसलाइनच्या आकड्यांपेक्षा ही वही जास्त मोलाची आहे. ती नीट लिहिणारा माणूस ग्राहकाकडे असेल तर आमची एएमसी (वार्षिक देखभाल करार) स्वस्त असते.

मधल्या काळात पुष्कळ ग्राहक क्लाउडवर गेले. तिथल्या डेटाबेसचा एकही डिस्क काउंटर आपल्याला दिसत नाही, त्यामुळे त्यांच्याकडचं आमचं काम युजर अकाउंट्स आणि बॅकअपपुरतं उरलं, आणि बिलही तेवढंच. जे स्वतःच्या सर्व्हरवर राहिले, त्यांच्या एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढची आवृत्ती म्हणजे एक्स्चेंजचीच सबस्क्रिप्शन एडिशन. २०१९ वरून तिथे जाणाऱ्यांचा सर्व्हर तोच राहतो, आणि पहिल्या आवृत्तीचा कोडही जवळपास २०१९ च्या शेवटच्या अपडेटचाच आहे. म्हणून त्यांची जुनी बेसलाइन आम्ही एका शुक्रवारच्या नोंदींशी ताडून कायम ठेवतो. २०१६ वाल्यांना मात्र नवा सर्व्हर उभारून मेलबॉक्स हलवावे लागतात, आणि त्यांच्यासाठी महिनाअखेरीसकट सगळं रेकॉर्डिंग पहिल्यापासून.