सारोस १३६ ची वही : लक्सरची तालीम, नोंद तिसरी

मागच्या नोंदीत खग्रास सूर्यग्रहण पाहायची जागा पक्की झाली होती : इजिप्तमधलं लक्सर, २ ऑगस्ट २०२७. तरी "स्पेन का नको?" हा प्रश्न सुटलेला नाही, तो आधी संपवतो.

चंद्राची सावली अटलांटिकवरून येऊन जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत शिरते. दक्षिण स्पेन, मोरोक्कोचा उत्तर भाग, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, मग तांबडा समुद्र ओलांडून सौदी अरेबिया, येमेन, सोमालिया आणि शेवटी हिंदी महासागर. जेद्दा आणि मक्का दोन्ही सावलीच्या पट्ट्यात आहेत. तारिफाला खग्रास स्थिती साडेचार मिनिटांच्या आसपास. मलागा कडेला पडतं, तिथे दोन मिनिटंसुद्धा नाहीत. लक्सरला सव्वासहा मिनिटांपेक्षा थोडी जास्त, वर ऑगस्टमध्ये ढगांची भीती जवळजवळ शून्य. सर्वांत मोठा काळ ६ मिनिटं २३ सेकंद, आणि तो बिंदू लक्सरच्या आग्नेयेला साधारण ६० किलोमीटरवर, वाळवंटात. तिथे जाऊन पदरात पडणार जेमतेम तीन-चार सेकंद. चंद्राची सावली गाठायला निघायचं आणि स्वतःच्या डोक्यावर कापडाचीही सावली नाही! नको.

ढगांचा मी एवढा धसका का घेतलाय? २२ जुलै २००९. बिहारमधलं तारेगणा, हजारोंची गर्दी आणि वर पावसाळी ढगांचं गच्च छत. अंधार झाला, पाखरं गप्प झाली, पण करोना, म्हणजे सूर्याभोवतीचं फिकट तेजोवलय, काही दिसला नाही. त्या तारखेत १८ वर्षं, ११ दिवस आणि ८ तास मिळवा (ग्रहण एवढ्या काळाने पुन्हा येतं, त्या काळाला सारोस म्हणतात). येते ती हीच २ ऑगस्ट. हुकलेलं ग्रहणच परत येतंय म्हणा ना. त्या जादा ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून पट्टा आशियातून उचलून आफ्रिकेत पडतो.

असं सारोसा-सारोसाने येणाऱ्या ग्रहणांचं हे घराणंच मोठं आहे, क्रमांक १३६. १९१९ साली सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो का, हे ज्या ग्रहणात मोजलं ते सारोस १३६ मधलंच. १९५५ चं तर ७ मिनिटं ८ सेकंदांचं. तीन सारोस, म्हणजे ५४ वर्षं आणि महिनाभर गेला की ते ८ तास तिप्पट होऊन पूर्ण दिवस भरतो आणि ग्रहण पुन्हा जवळपास त्याच रेखांशांवर येतं. २०२७ मधून तेवढं मागे गेलं की ३० जून १९७३, पुन्हा आफ्रिकाच. त्या दिवशी काँकर्ड विमानाने सहाराच्या आकाशात सावलीबरोबर धावत ७४ मिनिटं खग्रास स्थिती पाहिली होती. आपल्याला सहा मिनिटांत भागवायचंय.

आता माउंट, म्हणजे दुर्बीण सूर्यामागे फिरवणारी बैठक. लक्सरचा अक्षांश २५.७ अंश, त्या दिवशी सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं अंतर) सुमारे १७.८ अंश उत्तर. म्हणजे मध्यान्हीचा सूर्य ८२ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर. एवढं मला ठाऊक होतं, मान अवघडणार म्हणून काटकोनी व्ह्यूफाइंडरही घेतला होता. वेळ मात्र परवा पहिल्यांदा नीट मांडली आणि घाम फुटला. सूर्य मध्यान्हवृत्त (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतो ९:५६ ला, जागतिक वेळेनुसार. खग्रास सुरू होतं १०:०२ च्या सुमारास. अवघी सहा मिनिटं! ती रेषा ओलांडली की विषुववृत्तीय माउंट दुर्बीण दुसऱ्या बाजूला फिरवतो; आपल्या शहाणपणाने तो नेमका त्याच वेळी ही पलटी मारणार, आणि हिऱ्याची अंगठी (चंद्राच्या कडेवर लखलखणारा सूर्याचा ठिपका) चमकेल तेव्हा दुर्बीण भलतीकडे तोंड करून फिरत असणार.

उपाय साधा निघाला. खग्रास संपतं तेव्हा सूर्य मध्यान्हवृत्ताच्या पुढे फार तर ३ अंश गेलेला असतो. माउंटची मर्यादा मध्यान्हवृत्तापुढे ८ अंशांवर नेली, आपोआप पलटी बंद केली. नळी ट्रायपॉडच्या पायाला घासते का हे पाहायला शून्य सावलीच्या दिवसांइतका चांगला मुहूर्त नाही, सूर्य तेव्हा दुपारी डोक्यावर, जवळजवळ हवा तिथेच असतो. लांब नळी घासली. आखूड, ४०० मिलिमीटरची सुटली. सूर्याचं बिंब सेन्सरवर ३.७ मिलिमीटरचं येतं, भोवती करोनाला भरपूर जागा उरते. ज्यांच्याकडे माउंट नाही त्यांनी घाबरू नये : या काळात सूर्य स्वतःच्या तीन व्यासांइतका सरकतो, चौकट आधीच थोडी पुढे धरली की भागतं.

शटरचा क्रम १/२००० सेकंदापासून १ सेकंदापर्यंत. आतला करोना आणि बाहेरचे तुरे यांच्या तेजात इतकी तफावत असते की एका फोटोत दोन्ही मावत नाहीत. एक फेरी २२ सेकंदांत होते.

तालमीत खऱ्या सूर्यावरचा फिल्टर काढता येत नाही, म्हणून फिल्टरवर पुठ्ठ्याचं दुसरं टोपण चढवलं आणि तेच काढण्या-घालण्याचा सराव केला. काढायला ४ सेकंद लागले. परत घालायला मात्र विसरलोच. घड्याळ पाहिलं तर खग्रास संपून २० सेकंद उलटले होते, म्हणजे खऱ्या दिवशी सेन्सर भाजला असता. आता ६ मिनिटांच्या ठोक्याला फोन ओरडेल अशी सोय केलीय. तो आवाज गर्दीत ऐकू येतो का, ते पुढच्या तालमीत.