मनोगताची दोन पानं

झॉम्बीच्या, म्हणजे मेल्यावर उठून चालणाऱ्या प्रेतांच्या, अकरा कथा लिहायला मला चार वर्षं लागली आणि त्यांच्या मनोगताची दोन पानं लिहायला सव्वा महिना. पुस्तक डेमी आकाराचं, आठ फॉर्मचं, म्हणजे 128 पानी. सगळ्या कथा बसवून झाल्यावर प्रकाशक म्हणाले, "ताई, मनोगताला दोन पानं उरलीत. फॉर्म वाढवायचा नाही हं." एक फॉर्म वाढला की सोळा पानं वाढतात आणि पुस्तकाची किंमतही. मी हो म्हटलं.

पहिला खर्डा एका रात्रीत झाला. सकाळी वाचला तेव्हा ओशाळले. सगळा सूर माफी मागितल्यासारखा: भयकथेला हलकं समजू नका, तीही साहित्यच आहे, वगैरे. ज्या भाषेत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी लिहून गेले, त्या भाषेतल्या वाचकापुढे भयकथेची वकिली कशाला? खर्डा फाडला.

दुसऱ्या वेळी मी भुतांची जंत्रीच मांडली. वेताळ, मुंजा, हडळ, खवीस, समंध, झोटिंग. आपल्याकडे एवढा गोतावळा असताना परक्या मुलखातला झॉम्बी कशाला, हे कुणीतरी विचारणारच होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या कथांतली बहुतेक माणसं मेलेल्याला अग्नी देणारी; जमिनीतून उठून यायला मागे उरतं काय? वेताळ प्रेतात शिरतो खरा, पण विक्रमाच्या खांद्यावरचा तो वेताळ केवढा बोलका, केवढा हुशार! झॉम्बीला वाचाच नसते. त्यातच मुद्रितशोधन करणाऱ्या ताईंनी समासात लिहिलं, "झोंबी की झॉम्बी? झोंबी म्हटलं की लोकांना आनंद यादव आठवतील." बरोबर होतं त्यांचं. सगळीकडे 'झॉम्बी' केलं, पण मनोगत अडलं ते अडलंच.

मग झॉम्बी मूळचा जिथला, त्या कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशावर मी वाचायला बसले. ते खरं तर कथा लिहायच्या आधीच करायला हवं होतं. 1804 साली स्वतंत्र होण्याआधी हैती ही फ्रेंचांची वसाहत होती. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं तिथल्या उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबायची. मेल्यावर तरी आपला जीव समुद्रापलीकडे आपल्या मुलखात परत जाईल, एवढीच त्यांची आशा. झॉम्बी म्हणजे ज्याच्याकडून तेवढंही हिसकावून घेतलं तो. मांत्रिक त्याला उठवतो आणि पुन्हा कामाला जुंपतो. हा झॉम्बी कुणाला चावत नाही, कुणाचं मांस खात नाही. ते सगळं 1968 नंतर अमेरिकी सिनेमानं रुजवलं. हैतीतल्या माणसाला झॉम्बीची भीती नव्हती, आपण झॉम्बी होऊ याची होती.

'ऊस' हा शब्द वाचला आणि माझे हात थांबले. माझं बालपण साखर कारखान्याच्या शेजारी गेलंय. दिवाळी सरली की तळावर ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहायच्या. बीडकडून आलेली माणसं पहाटे अंधारातच फडावर जायची. नवरा-बायको दोघं मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, फिटली नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा त्याच मुकादमाकडे. संग्रहातली 'उचल' ही कथा त्यांचीच आहे: उचल अंगावर असताना मेलेला एक तोडणी कामगार दुसऱ्या दिवशी फडात कोयता चालवताना दिसतो. ही कथा मी सातव्या क्रमांकावर ठेवली होती आणि पहिली होती 1897 च्या पुण्यातल्या प्लेगची. त्याच रात्री क्रम बदलला. 'उचल' पहिली आली.

आणखी एक गोष्ट सापडली. हैतीत म्हणतात, झॉम्बीला मीठ खाऊ घालायचं नाही. मीठ जिभेला लागलं की त्याला भान येतं, आपण मेलोय हे कळतं आणि तो आपल्या थडग्याकडे चालू लागतो. म्हणून मालक त्याला अळणी जेवण घालतो. हे वाचून मी खुर्चीतून उठून घरभर फिरले. खाल्ल्या मिठाला जागणं! आपल्याकडे नोकराची इमानदारी सांगायला हेच शब्द. तिकडे मिठानं जागा झालेला माणूस मालकाला सोडून जातो. तिसरा खर्डा इथूनच सुरू झाला आणि दोन दिवसांत संपला. शेवटी एवढंच जोडलं, की प्लेगच्या कथेत लहान मुलाचा मृत्यू आहे. ज्यांच्या घरी अशी जखम ताजी असेल त्यांनी ती कथा सोडून पुढे जावं. घाबरवायचं मला आहेच, पण बेसावध गाठून दुखवायचं नाही.

'उचल'चा शेवटही बदलला. मुकादम त्याला रोज अळणी कण्या घालतो. बायको अंधारात येऊन मीठ घातलेली भाकरी भरवते. प्रूफ आलं तेव्हा तो शेवट आईला मोठ्यानं वाचून दाखवला. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ज्वारीच्या भाकरीत मीठ घालतं का गं कुणी? ठेचा दे त्याला. मीठ ठेच्यात असतं."

मी प्रुफावर तिथंच दुरुस्ती केली. बायको आता फडक्यातून भाकरी काढते, तिच्यावर बोटानं ठेचा पसरते आणि घास त्याच्या ओठांशी धरते. मजकूर एका ओळीनं वाढला. पान वाढलं नाही.