करंजाखालचं पिल्लू: हिरव्याचा बंदोबस्त (जवळपास) लागला

हिरवा गेला, म्हणजे पालवीतून गाळून आलेल्या उजेडाने फोटोतल्या चेहऱ्यावर पडलेली हिरवी झाक. पूर्ण नाही, नाकपुडीच्या कडेला थोडा उरलाय, पण तेवढा चालेल. मागच्या नोंदीतली जी फ्रेम मी फेकून द्यायच्या बेतात होतो, म्हणजे वानरीच्या छातीला बिलगलेलं आणि तिच्या काळ्या बोटांमधून डोकावणारं ते पिल्लू, ती आता भिंतीवर लावण्याजोगी झालीये. "सरळ ब्लॅक अँड व्हाइट करून मोकळा हो" असा सल्ला ज्यांनी दिला होता त्यांच्याशी खाली भांडणार आहे, थांबा जरा.

मधल्या नोंदी ज्यांनी गाळल्यात त्यांच्यासाठी थोडक्यात. वानराचं नवजात पिल्लू अंगानं गडद तपकिरी, जवळजवळ काळं, आणि चेहऱ्यानं फिकट गुलाबी. आई बरोबर उलटी: अंग रुपेरी, चेहरा काळाकुट्ट. ही उलटसुलट जोडी एका फ्रेममध्ये पकडायची, एवढाच माझा या मोसमातला हट्ट. मुदत थोडी असते, कारण पिल्लाचा चेहरा लवकरच काळवंडायला लागतो आणि पुढच्या काही महिन्यांत अंगही उजळत जातं. ताडोबात अशी पिल्लं मला जास्त करून मार्च-एप्रिलमध्ये सापडतात. नेमका तेव्हाच साग उघडा पडलेला, मोह उघडा पडलेला आणि करंज पालवलेला. ऊन चढलं की कळप नाल्याकाठच्या करंजाखाली येऊन बसतो. करंजाची ती पोपटी, पातळ, चकाकती पालवी डोळ्यांना कितीही गार वाटली तरी तिच्यातून गाळून येणारा उजेड फोटोचा शत्रू आहे. जून, जाड पानातून फारसं काही खाली झिरपत नाही. कोवळ्या पानातून झिरपतं, आणि ते निव्वळ हिरवं असतं.

आता गुलाबी कातडीवर हिरवा उजेड पडला की काय होतं? हे दोन्ही रंग एकमेकांना मारतात आणि चेहरा शिळ्या पिठल्याच्या रंगाचा दिसतो. काळ्या-करड्या विषयांवर हा हिरवा खपून जातो. सांबराचं पाडस याच सावलीत बसलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. गुलाबीवर तो लपत नाही.

पहिला उपाय सगळेच करतात तो: टिंटचा (हिरवा आणि मॅजेंटा यांचा तोल बदलणारा) स्लायडर मॅजेंटाकडे ढकलायचा. चेहरा सुधारतो, पण मागची धूसर पार्श्वभूमी (बोके) जांभळट-तपकिरी होते, आईच्या पाठीवरच्या उन्हाच्या कवडशांना गुलाबी किनार येते आणि वाळक्या सागपानांचा पाचोळा विटकरी दिसायला लागतो. म्हणून दुसरा उपाय: चेहऱ्यापुरता मास्क, म्हणजे दुरुस्ती तेवढ्याच भागावर. इथे वेगळीच गंमत. पिल्लाच्या एका गालावर वरून पालवीचा हिरवा, दुसऱ्या गालावर खालच्या पाचोळ्यावरून उसळलेला पिवळट उजेड. एकच आकडा दोन्ही गालांना बसत नाही. एक गाल ताजा, दुसरा कावीळ झाल्यासारखा. अंदाजाने ओढत बसलो तर रात्री जे बरोबर वाटतं ते सकाळच्या चहाच्या वेळी भयंकर दिसतं. मॉनिटर कॅलिब्रेट केलेला आहे, तेव्हा ते आधीच सांगून ठेवतो. डोळेच थकतात. अर्धा तास हिरवा बघितला की डोळा त्याला पांढरा मानायला लागतो.

म्हणजे अंदाज नको, मोजमाप हवं. ग्रे कार्ड, म्हणजे रंग मोजायला ठेवतात ते तटस्थ करडं कार्ड? गाडीतून उतरायची परवानगी नाही, आणि असती तरी वानरीच्या मांडीवर कार्ड कोण ठेवणार. आईची रुपेरी फर ग्रे कार्डासारखी वापरून बघितली. पण ती फर करडी दिसली तरी तटस्थ नसते, तिच्यात पिवळसर झाक असते. सॉफ्टवेअरमधला रंग मोजणारा ड्रॉपर तिच्यावर टेकवला की सॉफ्टवेअर ती झाक काढायला निळा ओततं आणि पिल्लू थंडीने काकडल्यासारखं दिसतं.

आणि मग उत्तर सापडलं ते आईच्या तोंडावरच. तिची कातडी काळी आहे, पण काळ्या कातडीवर जी चकाकी उठते, कपाळाच्या कडेवर, नाकाच्या दांड्यावर, बोटांच्या पेरांवर, त्या चकाकीला कातडीचा रंग नसतो. धातू सोडला तर बहुतेक कुठल्याही पृष्ठभागावरची चकाकी येणाऱ्या उजेडाचाच रंग दाखवते. पांढऱ्या किंवा रंगीत वस्तूवर ही चकाकी वस्तूच्या स्वतःच्या रंगात मिसळते. काळ्यावर मिसळायला फारसं काही नसतंच! तिच्या तोंडावर उजेडाचा नमुना आयता काढून ठेवलेला होता आणि मी फर घेऊन झटापट करत बसलो होतो.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. जी चकाकी उचलायची ती ज्या दिशेचा उजेड परतवते, त्याच दिशेचा उजेड पिल्लाच्या त्या भागावर पडत असला पाहिजे. आईच्या भुवईवरची चकाकी पालवीकडे बघते, म्हणून ती हिरवी. ती पिल्लाच्या कपाळाला आणि वरच्या गालाला लागू. बोटांच्या खालच्या बाजूची चकाकी पाचोळ्याकडे बघते, ती पिवळट. ती हनुवटीला आणि खालच्या गालाला. तिसरी एक होती, मनगटावरची. ती चक्क निळसर निघाली, कारण तिथून पानांच्या फटीतलं आकाश दिसत असणार. तिला हात लावला नाही. चकाकी फाटलेली, म्हणजे क्लिप झालेली, नको. एखादा जरी चॅनल (लाल, हिरवा, निळा यांतला एक रंगथर) वर टेकला असेल तर आकडा खोटा येतो.

अवजारांबद्दल. फोटो-संपादनाचं लाइटरूम मी अजून वापरतो, छाटणीला आणि मास्क पटापट काढायला त्याच्यासारखं मला दुसरं जमत नाही. पण मी वापरतो त्या आवृत्तीत मास्कच्या आतला टेम्प-टिंट (रंगाचा तोल) नुसत्या अंदाजाने सरकवावा लागतो, आत ड्रॉपर टेकवता येत नाही. म्हणून ही फाइल डार्कटेबलमध्ये नेली. तिथल्या कलर कॅलिब्रेशन मॉड्यूलची दोन रूपं उघडली, एकाला वरच्या चकाकीचा उजेड दिला, दुसऱ्याला खालचा, आणि दोघांच्या मध्ये चेहऱ्यावरून जाणारा मऊ ग्रेडियंट. फुकटचं सॉफ्टवेअर आहे, शिकायला डोकेफोड आहे, मॉड्यूलांची नावं वाचून पळून जावंसं वाटतं. पण रंगाच्या कामात त्याने मला तरी एकदाही गंडवलेलं नाही.

निकाल लगेच दिसला. कान! वानराच्या पिल्लाचा कान इतका पातळ असतो की मागून उजेड आला तर आतल्या रक्ताने तो लालसर पेटतो. इतके दिवस तो मातकट दिसत होता, रंग बसवल्यावर उजळला. दोनशे टक्क्यांवर जाऊन कपाळावरची लव बघितली: मधोमध भांग पाडल्यासारखी दुभागलेली, आणि टोकांना अजून किंचित पोपटी. ती पोपटी मी तशीच ठेवली. सगळा हिरवा धुऊन काढला तर पिल्लू स्टुडिओत बसवल्यासारखं दिसतं. करंजाखाली आहे, थोडा करंज दिसायलाच हवा. माझा हिशेब असा की मोजून आलेल्या दुरुस्तीतली साधारण तीन चतुर्थांश लावायची, बाकी सोडायची.

आता ब्लॅक अँड व्हाइटवाल्यांकडे वळतो. गुलाबी चेहरा काळ्या अंगातून उठून दिसायला हवा असेल तर रूपांतरात लाल चॅनलवर भर द्यावा लागतो. पण हिरव्या उजेडात लाल चॅनल उपाशी राहिलेला असतो. हिरवा भरून वाहतोय, लाल आणि निळा तळाशी. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० च्या फाइलमध्ये लाल चॅनल उघडून बघा, नुसता रवा पसरलेला दिसेल. हिरव्या चॅनलवरून रूपांतर केलं तर फाइल स्वच्छ येते, पण गुलाबी काळवंडतो, आई-पिल्लाची ती उलटसुलट जोडी पुसली जाते. मग हा फोटो काढलाच कशाला?

हाच मुद्दा एक्स्पोजरलाही लागू. या सावलीत नुसत्या पांढऱ्या हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर) विसंबायचं नाही, तिन्ही चॅनल वेगळे बघायचे. हिरवा उजव्या भिंतीला टेकायच्या आत थांबायचं, पण तिथपर्यंत न्यायचंच, कारण नंतर लाल-निळा वर उचलावा लागणार असतो. मी ५०० मिलिमीटरला, १/५०० शटरवर, इंजिन बंद करून घेतो. चालक मित्र कंटाळतात, पण इंजिनाची थरथर बीन बॅगही (लेन्स टेकवायची दाणे भरलेली पिशवी) पूर्ण गिळत नाही. बॅगवरून आठवलं: महागड्या तयार बॅगा सोडा. आमच्याकडे ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून जाड कॅनव्हासची शिवून घेतली, आत मोहरी भरली. तांदळापेक्षा मोहरी लेन्सच्या आकाराला जास्त चांगली बसते. शिवण दुहेरीच मागा, नाहीतर जिप्सीभर मोहरी.

नॉइज काढण्याबद्दल एकच ओळ: एआय डीनॉइझ पूर्ण ताकदीने मारलं तर लव जाते आणि पिल्लाला प्लास्टिकचं तोंड येतं. मी पार्श्वभूमीवर जोरात आणि चेहऱ्यावर अगदी हलकं, असं दोन थरांत करतो.

कापणीवरून, म्हणजे क्रॉप करताना आईचं डोकं ठेवायचं की नाही यावरून, आमच्यात जो वाद चालू आहे त्यात माझी बाजू आता पक्की झाली. आईचं डोकं फ्रेममध्ये नको. ४:५ मध्ये तिच्या हनुवटीखाली कापलं, छाती आणि दोन्ही हात ठेवले. डोकं ठेवलं की फोटो 'आई आणि मूल' होतो, तो वेगळा प्रकार, चांगला प्रकार, पण पोर्ट्रेट नव्हे. हात ठेवला की पिल्लू केवढंसं आहे ते कळतं: आईचं एक बोट त्याच्या डोळ्यापासून हनुवटीपर्यंत पोचतंय. हात कापायचाच झाला तर कोपर-मनगटाच्या मधे कापावा, सांध्यावर कधीच नाही. आणि हो, तो हात आईचाच आहे याची खात्री मी देत नाही. वानरांमध्ये नवं पिल्लू कळपातल्या दुसऱ्या माद्याही हौसेने ओढून घेतात, एका बैठकीत ते दोघी-तिघींच्या कुशीतून फिरतं. मथळ्यात 'मातृत्व' लिहिणाऱ्यांनी जरा जपून.

पिल्लाच्या डोळ्यातल्या कॅचलाइटमध्ये (उजेडाच्या चमकेत) आमच्या जिप्सीच्या कडेची आडवी रेघ दिसते. काढली नाही. स्पर्धेला पाठवणार असतो तरी काढली नसती, कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल मागतात तेव्हा पंचाईत.

प्रिंटचं मात्र डोकं फिरवणारं झालं. शहरातल्या एका लॅबला फाइल दिली, रंगाचं प्रोफाइल लावून, सॉफ्ट प्रूफ (प्रिंट कशी येईल याची पडद्यावरची झलक) बघून. प्रिंट आली ती हिरवी. म्हटलं हे काय? काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "दादा, तोंड लाल दिसत होतं म्हणून सुधारून दिलं." त्यांच्या मशीनवर ऑटो करेक्शन चालू होतं! यापुढे पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'रंगाला हात लावू नये' लिहिणार, शिवाय समोर उभं राहून एक छोटा टेस्ट स्ट्रिप काढून घेणार. कागद मॅटच ठेवतोय. चकचकीत कागदावर आईच्या हातांचा काळा रंग जास्त खोल दिसतो खरा, पण लव हरवते.

हे सगळं लिहिता लिहिता एक साधी गोष्ट सुचली आणि पुढचा बेतच बदलला. हिरव्याशी प्रोसेसिंगमध्ये लढायचंच कशाला? वानरं मोहाची फुलं आवडीने खातात, आणि फुलांच्या वेळी मोहाला पानं जवळपास नसतात. म्हणजे त्याच दिवसांत, त्याच कळपाला, बिनहिरव्या उजेडात गाठायची सोय झाडानेच करून ठेवलीये. अडचण एवढीच की मोहाखाली सावलीही नाही, म्हणून गेट उघडल्यापासूनचा पहिला तासच कामाचा. बफरमध्ये (अभयारण्याच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात) मात्र त्या वेळी गावातली माणसं फुलं वेचायला आलेली असतात. त्यांच्या कामात गाडी घालून उभं राहणं मला पटत नाही, वानरंही तिथे टिकत नाहीत. तेव्हा कोअरमधलाच (गाभ्यातलाच) मोह शोधायचा.

करंजाखालची फाइल तरी सोडणार नाही. पुढच्या खेपेला दोन्ही झाडांखालची फ्रेम शेजारी शेजारी टाकतो, रंगाचे आकडे लिहून. मोहर्ली किंवा कोलारा बाजूने कुणी एवढ्यात जाऊन आलं असेल तर पाणवठ्याजवळचा कुठला मोह फुलांवर आहे आणि त्यावर वानरं येतात का, एवढं कळवा. वाघाची साइटिंग विचारत नाहीये, तेव्हा लपवायचं कारण नाही.