मानेवरच्या चामखिळी

बाजाराच्या दिवशी आमच्या तालुक्याच्या गावातली ओपीडी दुपारी तीनपर्यंत हलत नाही. त्या गर्दीत एक मावशी आल्या आणि बसायच्या आधीच पदर बाजूला करून मान पुढे केली. "मॅडम, ह्यो मस काळा पडलाय. क्यान्सर तर न्हाई न्हवं?"

मानेभोवती बारीक देठाच्या, मऊ, लोंबत्या चामखिळींची रांगच होती. त्यातली एक काळीठिक्कर, सुजलेली, आणि तिच्या देठाला करकचून बांधलेला घोड्याच्या शेपटीचा केस! बरोबरची सून चाचरत म्हणाली, "मीच बांधला. आत्यांची बोरमाळ अडकायची त्यात."

केसाने देठ आवळला की रक्तपुरवठा तुटतो आणि चामखीळ काळी पडते. कॅन्सरचा तिथे संबंध नसतो. कधी ती गळून पडते, कधी अशी पिकते. तरी चुना-सोडा लावून मान भाजून आलेल्यांपेक्षा ही बरी. (तो उपाय सांगणाऱ्यांना एकदा स्वतःच्या मानेवर करायला लावावा असं मला फार वाटतं.)

माझं लक्ष मात्र चामखिळींच्या मागच्या कातडीकडे गेलं. ती काळपट, जाड, मखमलीसारखी झाली होती. "घासून घासून दमले, मळ निघतच न्हाई," मावशी म्हणाल्या. तो मळ नव्हताच. साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढतं, आणि ते त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं. मान अशी काळवंडते ती त्यामुळे. चामखिळीही अशा माणसांना जास्त येतात. कातडी सतत घासली जाणं आणि वाढलेलं वजन ही चामखिळींची आणखी दोन कारणं.

"चप्पल काढा, तळपाय दाखवा."

"दुखनं मानंला आन् बघता पायाला?" मावशी हसल्या. काळ्या डागाचं विचारायला कोणीही आलं की मी तळपाय, तळहात आणि नखं बघतेच. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत तिळाचा कॅन्सर, मेलॅनोमा, मुळात क्वचित. पण झालाच तर बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली, जिथे कोणी बघत नाही तिथे होतो.

तसा डाग नव्हता. पण करंगळीच्या मुळाशी बाभळीचा काटा मोडलेली जखम होती, महिना होऊनही ओली. मावशींनी तिचा उल्लेखही केला नव्हता. रात्री लघवीला किती वेळा उठता विचारलं तर सूनच म्हणाली, "चार-पाच बार. तांब्या उशाशीच असतोय." बोटाला सुई टोचली. साखर 286.

त्या दिवशी केस कापला, पिकलेली तेवढी चामखीळ काढली, पायाची जखम धुऊन बांधली आणि मावशींना फिजिशियनकडे पाठवलं. बाकीच्या चामखिळी साखर आटोक्यात आल्यावर काढू म्हटलं, तर मावशी रुसल्या. माळेचं राहिलंच की!

तीन-चार महिन्यांनी जखम भरून आल्या. बधिर करायचं मलम लावून कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या टोकाने, उरलेल्या चामखिळी काढायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मावशींच्या गालावर एक तीळही होता. तो मी डर्मोस्कोपने, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, पाहिला: काठ रेखीव, रंग एकसारखा, लहानपणापासून तेवढाच. तो वाढला, रंग बदलला किंवा त्यातून रक्त आलं तरच या, असं सांगितलं.

"काडा म्हनला असता तरी काडला नसता," मावशी म्हणाल्या. "आमच्या मालकांनी ह्यो बघूनच पसंत केली हुती."