सिराक्यूजचा वेढा पाहायचाय? किल्ल्यावर पैसे घालवू नका

सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहराजवळचा युरियालसचा किल्ला दाखवून "अथेन्सवाल्यांनी वेढा घातला तो हाच" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मी ऐकलं. जेमतेम आठ किलोमीटरला टॅक्सीवाल्याने 40 युरो घेतले, वर फाटकाला कुलूप. आणि हा किल्ला सिराक्यूजचा हुकूमशहा डायोनिसियस याने बांधायला घेतला इ.स.पू. 402 च्या सुमारास. वेढा त्याआधीचा, इ.स.पू. 414-413 चा. तेव्हा इथे किल्ला नव्हता, नुसता चढ होता.

पाहायचा तर तो चढच. टॅक्सी सोडून एपिपोलीच्या पठारावरून शहराकडे चालत निघालो, ऑगस्टमध्ये, भर दुपारी. पांढरा चुनखडक, सावलीचं नाव नाही, डांबरी रस्त्याला कडा नाही आणि गाड्या अंगाला घासून जातात. बेलवेडेरे गावाखालचा हा टप्पा अत्यंत वाईट आहे. तुम्ही सकाळी सिटी बसने गावापर्यंत जा, पठाराच्या कडेवर फिरा आणि बसनेच परत या.

कडेवर उभं राहिलं की सगळं कळतं. पठार ज्याच्या हाती, तो शहराची जमिनीवरची वाट तोडू शकतो. अथेन्सचा सेनापती निकियास याची वेढ्याची भिंत दक्षिणेला मोठ्या बंदरापर्यंत पोचत आली होती, उत्तरेची बाजू मात्र अर्धवट राहिली. सिराक्यूजच्या मदतीला आलेला स्पार्टाचा सेनानी गिलिपस तेवढ्यात आत शिरला आणि सिराक्यूजवाल्यांनी आडवी भिंत घालून ती वाट कायमची मोकळी ठेवली. पुढच्या वर्षी अथेन्सचा दुसरा सेनापती डेमोस्थेनीस ताजी फौज घेऊन आला आणि रात्री याच चढाने वर आला. चांदणं होतं, माणूस दिसायचा, पण आपला की परका ते कळायचं नाही. आपलेच आपल्यांवर तुटून पडले. पळताना कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. तो कडा पाहून माझे पाय खरोखर लटपटले.

ऑर्टिजिया या बेटावरच्या जुन्या शहरातले दोन दिवस छान गेले. संध्याकाळी तिथल्या पश्चिम धक्क्यावरून बंदराचं तोंड तेवढं बघाच: किलोमीटरभर रुंद, अथेन्सचं आरमार कोंडायला सिराक्यूजवाल्यांनी गलबतं साखळीने बांधून बंद केलेलं.

दगडखाणींत सगळे 'डायोनिसियसचा कान' या गुहेपाशी गर्दी करतात. शेवटी हरलेल्या अथेन्सच्या फौजेतल्या कैद्यांची म्हणून परंपरेने सांगतात ती कापुचिनी खाण वेगळी, तिकडे जा. सुमारे 7000 माणसं अशा खाणींत कोंडली होती; रोजचं पाणी माणशी एक कोटिली, म्हणजे पाव लिटर. चढावर मी एकट्याने दोन लिटर संपवलं होतं. तुम्ही तीन न्या.