घोरणं थांबलं तशा काकू धावत आल्या

स्लीप लॅबमध्ये मी रात्रपाळीला असते. पेशंट झोपतात आणि मी शेजारच्या खोलीत बसून त्यांची झोप बघते. या कामात नऊ वर्षं गेली, पण नगरकडचे ते काका-काकू काही डोक्यातून जात नाहीत.

काका पन्नाशीचे. कांद्याचा टेम्पो घेऊन रात्री वाशी मार्केटला जाणारे. मानेचा घेर ४३ सेंटिमीटर. दिवसा किती झोप येते याची प्रश्नावली भरताना प्रत्येक प्रश्नाला, "छे, तसं काही नाही." शेवटी काकूच बोलल्या, "ताई, मागच्या महिन्यात यांचा डोळा लागला न् गाडी कठड्याला घासली. हातात घास असतो तरी झोपतात." काकांनी मान खाली घातली. लायसन्स जाईल, पोट कसं चालेल, ही धास्ती असलेले ड्रायव्हर माझ्याकडे बरेच येतात. त्यांच्यावर रागावणं मला जमत नाही. प्रश्नावली पुन्हा भरली, तर २४ पैकी १९ गुण आले. १० च्या वर गेले की झोपेत काहीतरी बिघाड आहे का ते शोधावंच लागतं.

डोक्याला, हनुवटीला, पायांना वायरी, छातीपोटाला पट्टे, नाकाशी नळी. एवढ्या जंजाळात काका दहा मिनिटांत घोरायला लागले.

घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि अरुंद झालेल्या वाटेतून हवा जाताना तो आवाज होतो. वाट पुरती बुजली की आवाजही बंद. माझ्या पडद्यावर एका वेळी ३० सेकंदांची नोंद दिसते. काकांची श्वासाची रेघ सपाट झाली. पुढचं पान आलं, तरी सपाटच. छातीपोटाचे पट्टे मात्र हलत होते, एक वर तर दुसरा खाली. बंद घशाशी झुंज चाललेली. १० सेकंदांचा खंडही आम्ही मोजतो, हा ४८ सेकंदांचा होता. रक्तातला ऑक्सिजन ७४ टक्क्यांवर आला. मग मेंदू क्षणभर जागा झाला आणि मोठ्ठा आवाज करून श्वास आत गेला. काकांना यातलं काही कळलेलं नव्हतं. झोपेत असा श्वास थांबण्याच्या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. तासाला असे ३० खंड पडले तरी तो तीव्र म्हणतात. काकांचे ६० च्या घरात जात होते.

पण काही खंड मध्येच तुटत होते, ते का ते कळेना. कॅमेऱ्यात निरखून पाहिलं. शेजारच्या खाटेवरून काकूंचा हात येत होता आणि काकांचा खांदा हलवत होता.

मी आत गेले. "काकू, आज नका हलवू. मी बघतेय ना."

"सात वर्षं झाली ताई. आवाज थांबला की हात आपोआप जातो."

दीड वाजता काकांना सीपॅपचा मास्क लावला. हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवायचा हा उपाय १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी जगापुढे आणला. दाब ४ पासून हळूहळू वाढवत ११ वर नेला, तशी रेघ लयीत आली. थोड्याच वेळात पापण्यांखाली काकांची बुबुळं भराभर फिरायला लागली. स्वप्नांची झोप! इतक्या वर्षांची थकबाकी शरीर एका रात्रीत वसूल करू बघत होतं.

तीनच्या सुमाराला दार उघडून काकू अनवाणीच आत आल्या. चेहरा पांढराफटक. "ताई, यांचा आवाज येत नाही हो!"

मी त्यांना खुर्चीत बसवलं. श्वासाची रेघ दाखवली, ऑक्सिजनचा आकडा दाखवला. ९६ होता. काकू पडद्याकडे बोट करून एकेक श्वास मोजायला लागल्या. विसाच्या आतच त्यांची मान कलली. मी अंगावर शाल टाकली.

सहाला वायरी काढताना काका म्हणाले, "आज डोकं जड नाही." रात्रीत एकदाही लघवीला उठले नव्हते. मशीन लागू पडेपर्यंत गाडी हातात घेऊ नका, हे डॉक्टर सांगणारच होते. तरी मीही हात जोडून सांगितलं. मग काकूंना हाक मारायला वळले.

"नका उठवू तिला," काका हळूच म्हणाले. "आम्ही मागच्या एसटीनं जाऊ."